माहेरची बी

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञांमध्ये किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी, याची यादी तिथे दगडात कोरून ठेवली आहे. दोन हजार वर्षं झाली तरी ते दान वाचता येतं. त्याच घाटाने आमच्या जुन्नरच्या पश्चिम भागातल्या बायका खाली कोकणात उतरत आल्या. कुणी भातलावणीच्या मजुरीला, कुणी लग्न होऊन. माझ्या आईची मावशी मुरबाडकडे दिलेली होती, ती याच वाटेने सासरी गेली आणि जाताना तिच्या पदराच्या गाठीत घेवड्याची बी होती. असल्या देण्याघेण्याची यादी कुणी केली नाही. शेतसारा बसायचा तो शेतावर. परसातल्या आणि कुंपणावरच्या वेलाची दप्तरात कुणाला गरज? म्हणून हा इतिहास शोधायचा तर तो बायकांना विचारूनच शोधावा लागतो. मी तो आधी माझ्या आजीकडून आणि मग सासूबाईंकडून ऐकला.

घेवडा या नावाखाली आपल्याकडे निदान दोन वेगळी कुळं नांदतात. एक वाल-पावट्याचं. त्याची बी ओळखायला सोपी, कारण पांढरी, तांबूस किंवा काळी कशीही असली तरी तिच्या कडेला पांढरीशुभ्र जाड रेघ असते. हे कूळ मूळचं आफ्रिकेतलं, पण इथे येऊन इतकी वर्षं झाली की बल्लारीजवळच्या संगनकल्लूसारख्या नवाश्मयुगीन वस्त्यांत त्याचे जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या माणसाच्या चुलीवर वाल शिजत होता. दुसरं कूळ श्रावण घेवड्याचं, म्हणजे फरसबी आणि राजम्याचं. ते अमेरिकेतलं. युरोपीय गलबतं इकडे येऊ लागल्यावरच ते आपल्याकडे आलं. तरी आज कोरेगाव तालुक्यातल्या माणसाला वाघ्या घेवडा परका आहे असं सांगून पाहा. दाण्यावर वाघासारखे पट्टे असलेला हा घेवडा तिथल्या मातीत असा रुजला की 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते वाणाला गावचा करते ती त्याची जन्मभूमी नव्हे. पिढ्यामागून पिढ्या कुणीतरी तो हातातून हातात देत राहिलं, तेव्हा तो गावचा झाला.

हे देणं टिकलं त्याला आपल्या सणांचा मोठा हात आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम. मग भाजी आणायची कुठून? नांगर न लागलेल्या परसातून. अळू, भोपळा, पडवळ, दोडका, श्रावण घेवडा, जे कुदळीने आणि खुरप्याने पिकवलं तेवढंच त्या दिवशी चालतं. घरामागचा तो हातभर तुकडा आणि त्यातलं बियाणं बायकांनी का सोडलं नाही, याचं निदान एक कारण मला या नेमात दिसतं. पुढे संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभरा, वांगं, गाजर घातलेली भाजी. वालाचा वेल तर जणू त्या सणासाठीच वेळ साधतो. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलत नाही. मृगात टोका नाहीतर आषाढात टोका, दसरा-दिवाळीच्या सुमाराला तो जांभळ्या-पांढऱ्या तुऱ्यांनी भरतो आणि पौषात शेंगांनी लवतो.

आजीच्या घरी वेल गोठ्याच्या छपरावर चढवलेला असे. पहिल्या बहराच्या चांगल्या भरलेल्या शेंगांना ती हात लावू देत नसे. एखाद्या पोराने तोडलीच तर ओरडा खायचा. त्या शेंगा वेलावरच खडखडीत वाळायच्या, मग सुपात सोलायच्या, बियांना उन्हं द्यायची आणि त्या चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून गाडग्यात भरायच्या. गाडग्याचं तोंड शेणमातीने लिंपायचं आणि ते माळ्यावर धुराच्या बाजूला ठेवायचं. राखेत भुंगा हालचाल करू शकत नाही आणि धुराने ओल धरत नाही. सगळ्या कडधान्यांचा वैरी हा भुंगा. तो एकदा शिरला की दाण्याला भोक पडून आत पीठ उरतं. औषधाची पुडी त्या घरात कधी आली नाही आणि बी कधी उगवली नाही असंही झालं नाही.

पण गाडगं हा अर्धाच बंदोबस्त. खरा बंदोबस्त गावात होता. आमच्या वाडीत प्रत्येक घराचा घेवडा वेगळा. एकीकडे रुंद चपट्या शेंगेचा, दुसरीकडे बोटभर लांब आणि गोल, तिसरीकडे जांभळ्या शिरेचा. वालाचं फूल बहुतेक आपलं आपणच फळतं, तरी फुलांवर येणारे काळे भुंगे थोडी भेसळ करतातच. म्हणून एका परसात एकच वाण लावायचा, दुसरा हवा असेल तर तो शेजारणीकडे असतो, हा शहाणपणा कुणी न शिकवता पाळला जाई. त्यामुळे सगळी वाडी मिळून एक भांडार होती. एखादीचा वेल करपला, उंदरांनी गाडगं फोडलं, तर तिची बी दुसऱ्या घरी होतीच, कारण ती तिनेच कधीतरी दिलेली असे. आजी म्हणायची, "बी इकत घ्यायची नसती, मागून आणायची असती. मागितली की देणारीला बी लक्षात ऱ्हातं आपली कुठं हाय ती." 1972च्या दुष्काळात आमच्या घरचं गाडगं रिकामं झालं. पोटात गेलं ते सगळं. पुढच्या पावसाला बी परत आली ती मुरबाडहून, त्याच मावशीकडून, जिने ती कधीकाळी पदराला बांधून नेली होती. हे सांगताना आजीच्या चेहऱ्यावर कृतज्ञता असे, आश्चर्य मात्र अजिबात नसे. लेकींना बी द्यायची ती याचसाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सासरी अलिबागकडे आले आणि वालाचं दुसरं रूप पाहिलं. इथे तो मांडवावर चढत नाही. भात कापलं की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तो येतो. 1883 साली छापलेल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटिअरात वालाची नोंद आहे, कारण इथे तो शेतात होता, मोजण्यासारखा होता. त्याच्या शेंगांची पोपटी हा रायगडचा हिवाळा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा आणि मीठ भरायचं, मडकं शेतात उपडं घालायचं आणि वरून पेंढा-गवताचा जाळ करायचा. सासूबाई बिरड्यासाठी कडवे वाल भिजवत, मोड आणत आणि एकेक सोलत बसत. बियाणं निवडायची त्यांची कसोटी स्वयंपाकघरातली होती. जो वाल लवकर शिजतो पण फुटत नाही, ज्याचा कडूपणा जिभेला कळतो पण टोचत नाही, तोच पुढच्या वर्षी शेतात जाणार. वाण सुधारणं म्हणतात ते हेच, आणि ते शेकडो वर्षं चुलीजवळ चाललं होतं. या कामाचं श्रेय बायकांना कुणी दिलेलं मी फारसं पाहिलं नाही, याचं मला दुःख आहे.

मग बुटके वाण आले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण भूषण'सारख्या वाणांना मांडव लागत नाही आणि दिवस लहान होण्याची वाटही पाहावी लागत नाही. भाजी विकून घर चालवणाऱ्याला त्याचा उपयोग आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. नुकसान झालं ते परसात. घरं सिमेंटची झाली, गोठे मोडले, वेल चढवायला छप्पर उरलं नाही, माळे गेले तशी राखेची गाडगीही गेली. बाजारात बियाण्याची पाकिटं सहज मिळू लागली आणि मागण्याची सवय मोडली. मागणं थांबलं की देणं आपोआप थांबतं. एका म्हातारीबरोबर एक वाण, असे किती गेले असतील.

म्हणूनच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं काम मला आपल्या घरातलं वाटतं. महादेव कोळी समाजातल्या या शेतकरी बाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी आसपासच्या वाड्यांतून देशी बियाणी गोळा केली आणि त्यांत वाल-घेवड्याचे प्रकार भरपूर होते. ग्रामविकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेच्या साथीने त्यांनी बियाणं बँक उभी केली, बचतगटाच्या बायकांना रोपं आणि बी दिली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बँकेतून बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायची असते. हा नियम माझ्या आजीला एका वाक्यात समजला असता. शीतगृहात ठेवलेल्या बियांचंही महत्त्व आहे, पण बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला बी दर वर्षी मातीत जावी लागते, आणि सगळं बियाणं एका घरी असण्यापेक्षा शंभर घरी असलेलं बरं.

कायद्यानेही ही वाट मोकळी ठेवली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. 2001च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचं बियाणं छापील नावाच्या पाकिटातून विकता येत नाही, एवढीच अट.

आता माझ्या गच्चीवर प्लास्टिकच्या पिंपांत जुन्नरचा रुंद शेंगेचा घेवडा आहे. दोऱ्या बांधून तो पाण्याच्या टाकीवर चढवते. कडवा वाल दिराच्या शेतात असतो. बी मागणारी आली की आधी विचारते, वेल कशावर चढवणार, राख कुठून आणणार, आणि पहिल्या शेंगा न तोडण्याचा धीर आहे का. मग कागदावर लिहून देते: कुणाकडून आली, कुठल्या गावची, कधी टोकायची. खाली तिचंही नाव लिहायला लावते आणि एक प्रत माझ्या वहीत ठेवते. वहीतली काही नावं ठाण्याची आहेत, काही बेळगावची. गेल्या हंगामात मुरबाडच्या एका मुलीने त्यात आपलं नाव लिहिलं आणि जाताना तिच्या आजीच्या काळ्या वालाची पुडी मला देऊन गेली. ती मृगात दिराच्या बांधावर टोकायची आहे, घेवड्यापासून लांब.