फोटो उशिरा का उघडतो? नेटचा वेग, स्क्रीनचा आकार आणि मूळ फोटोचा हिशेब

निधनाची बातमी द्यायची असली की घरची मंडळी मोबाईलवर फोटो पाठवतात. बातमीदारीत हे नेहमीचं काम. बहुतेक फोटो चार ग्रुपवर फिरून आलेले असतात, काही तर स्क्रीनशॉट असतात. बारशाच्या नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा तेवढा कापून काढलेला. मोबाईलवर बघताना चेहरा ठीक वाटतो. बाराव्याला फ्रेम करायला म्हणून तोच फोटो घेऊन स्टुडिओत गेलं, की फोटोग्राफर विचारतो, "मूळ फोटो आहे का?" आणि तेव्हा कळतं, की तो घरात कोणाकडेच नाही.

मूळ फोटो चोरीला गेलेला नसतो. मोबाईल भरला म्हणून कोणीतरी तो पुसलेला असतो. "साईटवर आहे की, ग्रुपवर पण आहे," असं म्हणून. पण साईटवर आपण जे बघतो ती बहुतेक वेळा फोटोची लहान केलेली नक्कल असते. ही नक्कल केवढी मिळणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक नेटचा वेग, दुसरी आपली स्क्रीन. सीमाभागातल्या घरांत लेक इंदूरला, भाऊ पुण्याला, मामा खानापुरात, मावशी म्हापशाला अशी पांगापांग असते आणि घरचे फोटो साईटवरूनच एकमेकांना दिसतात. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडून ठेवलेला बरा.

एमबी वेगळं, एमबीपीएस वेगळं

पहिली गल्लत इथं होते. फोटोचा आकार मोजतात मेगाबाईटमध्ये, म्हणजे एमबी. नेटचा वेग मोजतात मेगाबिटमध्ये, म्हणजे एमबीपीएस. आठ बिट म्हणजे एक बाईट. त्यामुळे १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं तरी सेकंदाला १०० एमबी उतरत नाहीत, जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण घरातले बाकीचे मोबाईल, टीव्ही आणि भिंतींपलीकडे जाताना दमलेला वायफाय आपापला वाटा घेतात.

आताच्या मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. मध्यम म्हणून ४ एमबी धरू, म्हणजे ३२ मेगाबिट. तो पूर्ण उतरायला लागणारा वेळ असा:

- १०० एमबीपीएस : सेकंदाचा एक तृतीयांश भाग
- २० एमबीपीएस : सुमारे दीड सेकंद
- २ एमबीपीएस : १६ सेकंद
- ५१२ केबीपीएस : एक मिनिटाच्या थोडं वर
- ६४ केबीपीएस : ८ मिनिटं २० सेकंद

यातले मधले दोन आकडे मुद्दाम घेतलेत. सरकारी व्याख्येनुसार 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला पूर्वी किमान ५१२ केबीपीएस वेग पुरत होता. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा २ एमबीपीएसवर नेली. म्हणजे कागदोपत्री ब्रॉडबँड असलेल्या घरातही एक मूळ फोटो उघडायला १६ सेकंद लागू शकतात.

शेवटचा आकडा मोबाईलवाल्यांसाठी. रोजचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतरच्या वर्षांत टेलिफोनच्या तारेवर कुईंकुईं करत जोडणारा मोडेम जास्तीत जास्त ५६ केबीपीएस द्यायचा. हातात नवाकोरा मोबाईल असला तरी संध्याकाळी डेटा संपल्यावर आपण जवळपास त्याच जमान्यात परत जातो.

मग साईट चटकन कशी उघडते?

कारण साईट मूळ फोटो पाठवतच नाही. फोटो चढवला की साईट त्याच्या तीन-चार आकाराच्या नकला करून ठेवते. सगळ्यात लहान ती थंबनेल, म्हणजे नखाएवढी. ती साधारण २० केबीची असू शकते. मधली ती बघण्यासाठीची, तीन-चारशे केबीची. आणि शेवटी मूळ.

समजा लग्नाच्या अल्बमचं पान उघडलं आणि त्यावर ४० फोटो आहेत. ४० थंबनेल मिळून ८०० केबी. २ एमबीपीएसवर तीन-साडेतीन सेकंदांत पान दिसतं. हेच ४० मूळ फोटो पाठवले असते तर १६० एमबी झाले असते आणि त्याच वेगावर साडेदहा मिनिटं लागली असती. शिवाय रोज दीड जीबी मिळत असेल तर त्यातला दहावा हिस्सा एका पानात संपला असता.

आणखी दोन युक्त्या साईटवाले वापरतात. खालचे फोटो आपण बोटाने पान सरकवेपर्यंत मागवतच नाहीत. म्हणून भराभर खाली गेलं की आधी राखाडी चौकोन दिसतात, फोटो मागून येतो. आणि काही फोटो आधी पुसट दिसून मग स्पष्ट होत जातात. पुसट दिसला म्हणजे फोटो खराब आहे असं नाही. तो अजून पूर्ण यायचाय. रेंज कमी असलेल्या जागी, म्हणजे चोर्ला घाटात किंवा खानापूरच्या रानातल्या गावात, पुष्कळ जण नेमकी याच वेळी घाई करून 'सेव्ह' दाबतात नाहीतर स्क्रीनशॉट काढतात, आणि अर्धवट आलेला फोटो कायमचा ठेवून घेतात.

स्क्रीन इंचात मोजू नका

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. ४००० ठिपके आडवे, ३००० उभे, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. यालाच १२ मेगापिक्सेल म्हणतात. आता आपली स्क्रीन यातले किती दाखवू शकते ते बघू.

- स्वस्तातला मोबाईल, रुंदी ७२० ठिपके : उभ्या धरलेल्या मोबाईलवर आडवा फोटो ७२० बाय ५४०, म्हणजे सुमारे ३ लाख ८९ हजार
- मध्यम मोबाईल, रुंदी १०८० ठिपके : १०८० बाय ८१०, सुमारे पावणेनऊ लाख
- १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप : पूर्ण स्क्रीनवर १०२४ बाय ७६८, सुमारे ७ लाख ८६ हजार
- फोर-के टीव्ही : २८८० बाय २१६०, सुमारे ६२ लाख

लॅपटॉपची स्क्रीन मोबाईलच्या कितीतरी पट मोठी, पण ठिपके मोबाईलपेक्षा कमी! साडेसहा इंची मोबाईलवर जे ठिपके दाटीवाटीने बसवलेत, तेच जुन्या लॅपटॉपवर ऐसपैस पसरलेत. म्हणून मोबाईलवर रेखीव दिसणारा फोटो लॅपटॉपवर मोठा करून बघितला की भुरकट वाटतो. दोष फोटोचा नसतो. आणि फोर-के टीव्हीसुद्धा १२ मेगापिक्सेलच्या फोटोतले जेमतेम अर्धे ठिपके एका वेळी दाखवतो.

चांगल्या साईट हे ओळखून वागतात. ब्राउझरकडे स्क्रीनची रुंदी आणि ठिपक्यांची दाटी दोन्हींची माहिती असते, त्याप्रमाणे नेमकी नक्कल मागवली जाते. तुमच्या मोबाईलला एक, भावाच्या टीव्हीला दुसरी. बघण्यापुरतं हे अगदी योग्य आहे. मोबाईलवर मूळ फोटो उतरवणं म्हणजे दोन माणसांच्या चहासाठी हंडाभर दूध तापवण्यासारखं. डेटाही जातो, वेळही जातो, आणि दिसतं तेवढंच.

अडचण येते ती ठेवताना.

स्क्रीनशॉट का नको

स्क्रीनशॉट हा स्क्रीनचा फोटो असतो. स्क्रीनवर जेवढे ठिपके, तेवढेच त्यात. आजोबांचंच उदाहरण घेऊ. ग्रुप फोटोच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्यात आजोबा बसलेत. मूळ फोटोत त्यांच्या वाट्याला ८०० ठिपके येतात. १०८० रुंदीच्या स्क्रीनशॉटमध्ये येतात २१६. आठ इंच रुंद फ्रेम करायची तर मूळ फोटोतून इंचाला १०० ठिपके मिळतात. भिंतीवर लावून चार पावलांवरून बघायला चालून जातं. स्क्रीनशॉटमधून मिळतात इंचाला २७. डोळ्यांच्या जागी चौकोन दिसतात. हातात धरून बघायच्या चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात असं धरतात, यावरून फरक लक्षात येईल. गेलेले ठिपके कुठलंही अ‍ॅप परत आणत नाही. 'फोटो सुधारणारी' अ‍ॅप अंदाजाने नवे ठिपके भरतात. मग आजोबा देखणे दिसतात, पण ते आजोबांसारखे दिसतीलच असं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथं दाबून लहान केला जातो. अनेकदा लांब बाजू १६०० ठिपक्यांच्या आसपास राहते. २०२३ मध्ये 'एचडी' पर्याय आला, त्यात नक्कल मोठी राहते, पण तीही मूळ नव्हे. मूळ जसाच्या तसा पाठवायचा तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावा लागतो.

चढवताना लागणारा वेळ

जाहिरातीतला वेग बहुधा उतरवण्याचा असतो. जुन्या टेलिफोन तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये चढवण्याचा वेग बराच कमी, फायबरवर अनेक प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे. लग्नाचे ५०० फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे २००० एमबी. चढवण्याचा वेग २ एमबीपीएस असेल तर सव्वादोन तास लागतात, २० एमबीपीएस असेल तर साधारण तेरा-चौदा मिनिटं. मध्ये रेंज गेली की काही साईटवर काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून एकदम ५०० न चढवता पन्नास-पन्नासचे गठ्ठे करावेत आणि रात्री वायफायवर लावून ठेवावेत.

चढवताना दर्जा कोणता निवडलाय तेही बघा. गूगल फोटोजमध्ये 'ओरिजिनल' निवडलं तर फोटो जसाच्या तसा जातो. 'स्टोरेज सेव्हर' निवडलं तर फोटो दाबला जातो आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर तेवढ्यावर आणला जातो. पूर्वी हा दाबलेला साठा अमर्याद आणि फुकट होता. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात, आणि तीच जागा जीमेल व ड्राइव्हलाही पुरवायची असते. ओरिजिनल दर्जाचे ४ एमबीचे फोटो धरले तर ही जागा पावणेचार हजार फोटोंत भरते. फ्लिकरनेही २०१८ मध्ये फुकट खात्यांवर १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली होती. साईटचे नियम बदलतात, त्यामुळे एकुलती एक प्रत साईटवर ठेवणं धोक्याचं.

फॉर्मच्या फोटोचं गणित उलटं

बँक भरतीच्या ऑनलाईन फॉर्मला मात्र लहानच फोटो लागतो. आयबीपीएसच्या फॉर्मवर फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात. फोटोचा सुचवलेला आकार २०० बाय २३० ठिपके. इथं ४ एमबीचा फोटो घेतलाच जात नाही, आणि शेवटच्या दिवशी मुलं सायबर कॅफेत घाम पुसत बसतात. क्रम असा ठेवा : आधी चेहऱ्याभोवतीचा भाग कापा, मग ठिपके २०० बाय २३० वर आणा, आणि तरीही केबी जास्त असतील तरच दर्जा थोडा उतरवा. आणि हे सगळं मूळ फोटोवर न करता त्याच्या प्रतीवर करा.

घरात एवढं पाळा

- नुसतं बघायचं असेल तर साईटवरची लहान नक्कल पुरते. डेटा संपत आला असेल तर मोबाईलमधला 'डेटा सेव्हर' चालू करा.
- ठेवायचा असेल तर साईटवरचं 'डाउनलोड' बटण वापरा. लॅपटॉपवर फोटोवर राइट क्लिक करून 'सेव्ह' केलं तर पुष्कळदा स्क्रीनपुरती नक्कलच मिळते. विकिमीडिया कॉमन्सवर समजा बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचा फोटो उघडला, तर खाली वेगवेगळे आकार आणि मूळ फाईलची लिंक दिलेली असते. छापायला तीच मूळ घ्या.
- उतरवल्यावर फोटोची माहिती उघडून आकार तपासा. ४००० बाय ३००० चा फोटो १०८० बाय ८१० दिसला तर ती नक्कल आहे.
- मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवा : एक साईटवर ओरिजिनल दर्जात, दुसरा घरात पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर. दोन्हीकडे उघडून बघितल्याशिवाय मोबाईलमधला पुसू नका.

या रविवारी एक काम करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रत्येकी एक चांगला फोटो मूळ स्वरूपात कोणाकडे आहे, ते नातेवाइकांना फोन करून विचारा आणि डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. नसेल तर आजी अंगणात बसली असतानाच एक नवा काढा. त्याला ४ एमबी जागा लागेल.