जंबुपार किरण आणि वनस्पती : ‘ताण’ ह्या कल्पनेचा इतिहास

मुळशीच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा मध्यान्ही डोक्यावर येतो. पहिल्या वेळी, मे महिन्याच्या मध्याला, आकाश बहुधा निरभ्र असते. दुसऱ्या वेळी, जुलैच्या अखेरीस, सह्याद्री ढगांत बुडालेला असतो आणि खाली खाचरांतून भाताची लावणी झालेली किंवा होत असते. प्रखर किरणांचा खरा मारा म्हणून भातापेक्षा नुकत्याच पालवलेल्या आंब्याला, जांभळाला व कोशिंबाला सोसावा लागतो. कोशिंबाची नवी पालवी लालभडक असते. तो रंग म्हणजे जंबुपार किरणांविरुद्धची ढाल, असे पाहणारास सहज वाटावे. परंतु ह्या समजुतीची छाननी करण्यास विज्ञानाला फार काळ लागला.

वर्णपटात जांभळ्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नाही, तेथे सिल्व्हर क्लोराइड अधिक त्वरेने काळे पडते, हे योहान रिटर यास १८०१ मध्ये आढळले. मराठीत ह्या किरणांस ‘जंबुपार’ म्हटले गेले. पुढे ‘अतिनील’ अधिक रूढ झाला. पहिला शब्दच नेमका म्हणावा लागतो. ‘पार’ ह्या पदाने सीमेपलीकडचे स्थान सूचित होते. ‘अति’ने मात्र निळेपणाच वाढल्याचा भास होतो.

आरंभी ह्या किरणांचा अभ्यास झाला तो विध्वंसक म्हणून. ते पेशीतील डीएनएची मोडतोड करतात हे खरेच. तथापि किरणांनी निकामी झालेले सूक्ष्मजीव दृश्य प्रकाशात ठेवल्यास सावरतात, असे १९४९ मध्ये आल्बर्ट केल्नर यांनी दाखविले. ही दुरुस्ती करणारे फोटोलायेज हे विकर भातातही असते. जपानातील ‘सासानिशिकी’ हे वाण जंबुपार किरणांत तग धरते व ‘नोरिन १’ कोमेजते, ह्या भेदाचे मूळ त्या विकरातील एका अमिनो आम्लाच्या फरकात सापडले. प्रकाशाने मोडलेले प्रकाशानेच सांधले जाते.

१९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी ओझोनच्या ऱ्हासाचा इशारा दिला आणि १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली. तेव्हापासून वनस्पतींवर दिव्यांखाली प्रयोगांची रीघ लागली. पुष्कळ प्रयोगांत किरणांची मात्रा अवाजवी व सोबतचा दृश्य प्रकाश अपुरा होता. साहजिकच हानी फुगून दिसली. ‘ताण’ हा शब्द त्याच काळात घट्ट रुतला. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर भीती ओसरली, शब्द मात्र राहिला.

वस्तुतः मंद मात्रेतील किरण हा वनस्पतीला संकेत असतो. २८० ते ३१५ नॅनोमीटर पट्ट्यातील किरण ओळखणारे यूव्हीआर-८ हे प्रथिन २०११ मध्ये निश्चित झाले. प्रथिनाची जोडी किरण शोषताच सुटते आणि फ्लॅव्होनॉइडे बनविणारी जनुके जागी होतात. ही द्रव्ये पानाच्या बाह्यत्वचेत साचून किरण अडवितात. शिवाय अनेक वनस्पतींत कीड व बुरशी यांच्याशी झुंजण्याची शक्तीही वाढते. आता कोशिंबाच्या पालवीकडे वळावे. तिचा लाल रंग अँथोसायनिनांचा. ती मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतात. जंबुपार किरणांविरुद्धची प्रमुख ढाल त्यांच्या जोडीची रंगहीन फ्लॅव्होनॉइडे होत. अदृश्य किरणांना तोंड देणारे द्रव्यही डोळ्यास दिसत नाही!

हा वाद केवळ शब्दांचा नाही. मुळशीला लागून असलेल्या मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकविले जातात. जंबुपार किरण रोखणाऱ्या आच्छादनाखाली लाल पाकळ्या काळ्या पडण्याचे प्रमाण घटते आणि पांढऱ्या माशीचा शिरकावही कमी होतो. ‘ताण’ एवढाच अर्थ धरला, तर हा निव्वळ लाभ ठरतो. संकेत हा अर्थ मानला, तर त्याच आच्छादनाखाली रोपाच्या पानांना स्वतःचे संरक्षण उभारण्याची सूचनाही अपुरी मिळते, आणि ती उणीव बागायतदाराला लाभाच्या हिशेबात मांडावी लागते.