वाईनच्या एका ग्लासात किती कॅलरी? गोड लागत नाही म्हणून हलकी समजू नका

कोसाड (सुरत) : गुजरातमध्ये १९६० पासून, म्हणजे राज्य झाल्यापासूनच दारूबंदी आहे. त्यामुळे कोसाड, अमरोली, उधना भागात कामधंद्यासाठी राहणाऱ्या खान्देशी मंडळींचा वाईनशी संबंध येतो तो बहुधा नवापूर ओलांडून गावाकडे आल्यावरच. तेव्हा हमखास ऐकू येतं, ‘वाईन म्हणजे काय, द्राक्षाचा रसच ना!’ वजन आणि शुगर सांभाळणाऱ्यांची इथंच फसगत होते.

द्राक्षरस आंबतो तेव्हा यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. गोडी जाते, पण साखरेतल्या बहुतेक कॅलरी अल्कोहोलच्या रूपात तिथंच राहतात. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी असतात, एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७. म्हणून अजिबात गोड नसलेली ‘ड्राय’ वाईनही कॅलरीच्या हिशेबात हलकी नसते.

हिशेब घरी करता येतो. बाटलीवर अल्कोहोलची टक्केवारी छापलेली असते. एक मिली अल्कोहोल म्हणजे साधारण साडेपाच कॅलरी. १५० मिलीच्या ग्लासात १३ टक्के वाईन असेल तर अल्कोहोल झालं साडेएकोणीस मिली, कॅलरी १०७. उरलीसुरली साखर वगैरे धरून १२० च्या आसपास. म्हणजे मध्यम आकाराच्या एका पोळीपेक्षा थोडं जास्तच. ७५० मिलीची अख्खी बाटली ६०० कॅलरीवर जाते. लाल की पांढरी, याने फारसा फरक पडत नाही. गोड डेझर्ट वाईनमध्ये मात्र लिटरला १०० ग्रॅम साखर असली, तर प्रत्येक ग्लासामागे आणखी ६० कॅलरी वाढतात. तुलनेसाठी, व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १४० कॅलरी असतात. ‘वाईन सोसते’ म्हणणारे दोन-तीन ग्लास घेतात, तिथं हा फरक कुठल्या कुठे जातो. सोबतचा चकणा वेगळाच.

युरोपीय संघात ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाईनच्या लेबलवर कॅलरी छापणं सक्तीचं आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही. नाशिकची बाटली घेतली तरी आकडेमोड आपणच करायची.

मधुमेहींनी एक गोष्ट जास्त जपावी. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी वाईन घेतली, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंततं आणि रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं. घाम, थरथर, बडबड दिसली की लोक ‘चढली’ म्हणून सोडून देतात. धोका तिथं आहे. अशी औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आणि परतीच्या पिशवीत बाटली नको. गुजरातच्या दारूबंदीत वाईनही येते. परवान्याशिवाय बाळगणं, नेणं, पिणं तिन्ही गुन्हेच.

हिवाळ्यात सुरतेत सकाळी मिळणारी ताजी नीरा कायदेशीर आहे, नशाही नाही. मात्र तिच्यात साधारण दहा टक्के साखर असते. २०० मिलीच्या ग्लासाला ८० कॅलरी धराव्यात.