दलित रंगभूमी व चित्रपट आणि कृष्णवर्णीय कलाचळवळ

महाराष्ट्रातील दलित रंगभूमी व चित्रपट आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कलाचळवळ यांच्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वैचारिक नाते आढळते. हे नाते वंशाचे नाही. आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचे जंजिरा संस्थान आजच्या रायगड जिल्ह्यात १९४८ पर्यंत होते, परंतु त्याचा या कलाप्रवाहाशी संबंध नाही. याच जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) मात्र या प्रवाहाच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली. पुढे म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे आदी अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्याचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव ऑकलंड येथील ब्लॅक पँथर पक्षावरून (१९६६) घेतले होते. तरीही दलित कलेला कृष्णवर्णीय कलेची नक्कल म्हणणे योग्य नाही; जलशांची परंपरा पँथरपेक्षा कितीतरी जुनी आहे.

रंगभूमी

भीमराव कर्डक आदी शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात गण-गौळणीऐवजी समाजप्रबोधन आणले. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात सादर झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात अमिरी बराका यांनी १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र नाट्यगृह व शाळा उभारली. आपल्या वस्तीतील प्रेक्षकांसाठी नाटक करण्याची ही भूमिका जलशांच्या भूमिकेशी जुळणारी आहे.

प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी' (१९७७) या एकांकिकेत पाण्याचा प्रश्न केंद्रस्थानी आहे. त्यांच्याच 'किरवंत'मध्ये अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याच्याच जातीतून मिळणारी अस्पृश्यतेची वागणूक दिसते; हे नाटक डॉ. श्रीराम लागू यांनी दिग्दर्शित केले. दत्ता भगत यांच्या 'वाटा-पळवाटा'मध्ये चळवळीतील वेगवेगळ्या भूमिका एकमेकींसमोर उभ्या राहतात. स्वतःच्याच चळवळीची अशी उलटतपासणी करणारी नाटके मराठीत विरळाच. संभाजी भगत यांच्या संकल्पनेवर आधारलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) राजकुमार तांगडे यांनी लिहिले व नंदू माधव यांनी दिग्दर्शित केले. जालना भागातील कलावंतांनी सादर केलेल्या या नाटकात शाहिरी थेट व्यावसायिक रंगमंचावर आली.

चित्रपट

रमाबाई आंबेडकर नगर (घाटकोपर) येथे ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात १० जणांचा बळी गेला. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून आरंभ होणारा आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट पूर्ण होण्यास १४ वर्षे लागली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) एका शाहिरावर गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप होतो. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१३) नायक जब्या हा कैकाडी मुलगा आहे. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. डुक्कर पकडून नेताना भिंतीवरील आंबेडकर, फुले यांची चित्रे मागे दिसतात, आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. तोवर इतरांच्या फजितीवर हसणाऱ्या गावाच्या रांगेत प्रेक्षकही बसलेला असतो, हे त्या एका दृश्याने उघड होते. मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) मराठीत उत्पन्नाचा विक्रम केला. 'झुंड' (२०२२) हा त्यांचा हिंदी चित्रपट नागपूरचे फुटबॉल प्रशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर बेतलेला आहे.

या देवघेवीचा उलटा प्रवासही झाला आहे. कृष्णवर्णीय दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांच्या 'ओरिजिन' (२०२३) या चित्रपटात वंशभेद व जातिभेद यांची तुलना असून, तो इसाबेल विल्करसन यांच्या 'कास्ट' (२०२०) या ग्रंथावर आधारित आहे. त्यात आंबेडकरांची व्यक्तिरेखा असून नांदेडचे अभ्यासक सूरज एंगडे स्वतःच्याच भूमिकेत दिसतात.