सातव, रजनी शंकरराव

(मृत्यू : फेब्रुवारी 2024). काँग्रेस पक्षाच्या नेत्या, कळमनुरीच्या माजी आमदार, माजी राज्यमंत्री आणि महाराष्ट्र राज्य महिला आयोगाच्या माजी अध्यक्षा. 1980 व 1985 च्या निवडणुकांत त्या कळमनुरी मतदारसंघातून विधानसभेवर, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या 288 सदस्यांच्या थेट निवडून येणाऱ्या सभागृहात, निवडून आल्या. कळमनुरी ज्यात आहे तो हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा काढण्यात आल्यामुळे त्यांची आमदारकीची ही वर्षे जुन्या परभणी जिल्ह्याच्या इतिहासात मोडतात.

या यशाचे मोल त्या काळाच्या संदर्भातच नीट उमगते. ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेत महिलांसाठी जागा राखून ठेवणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली. त्यामुळे सरपंचपदापासून वर चढण्याची जी वाट पुढच्या पिढीतील स्त्रियांना मिळाली, ती 1980 मध्ये नव्हती आणि विधानसभेत तर राखीव जागा आजही प्रत्यक्षात आलेल्या नाहीत. निजामी राजवटीतून 1948 मध्ये मुक्त झालेल्या मराठवाड्याच्या ग्रामीण भागात एका स्त्रीने अशा स्थितीत सलग दोनदा मतदारांचा कौल मिळवावा, ही गोष्ट तिच्या वाट्याला आलेल्या मंत्रिपदापेक्षाही मोठी मानावी लागते. त्यांच्यानंतर कळमनुरीतून महिला आमदार निवडून आलेली नाही.

पुढे त्या विधान परिषदेच्या, म्हणजे सदस्यांची मुदत सहा वर्षे असलेल्या वरिष्ठ सभागृहाच्याही सदस्य होत्या. राज्य महिला आयोग हे 1993 च्या कायद्याने स्थापन झालेले वैधानिक मंडळ असून स्त्रियांवरील अन्यायाच्या तक्रारींची चौकशी करणे आणि शासनाला शिफारशी करणे हे त्याचे काम आहे. त्याच्या अध्यक्षपदाची त्यांची मुदत 2009 मध्ये संपल्यानंतर ते पद काही वर्षे रिकामेच राहिले आणि 2013 मध्ये सुशीबेन शाह यांची त्यावर नियुक्ती झाली. तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने हा खंड गंभीर होता.

त्यांचे पुत्र राजीव सातव (1974–2021) यांनी 2009 मध्ये कळमनुरीची आणि 2014 मध्ये हिंगोली लोकसभेची जागा जिंकली. लोकसभेतील त्यांचे मताधिक्य अवघे 1,632 होते. राजीव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी प्रज्ञा सातव 2021 व 2024 मध्ये विधान परिषदेवर निवडून आल्या.