पोलादी इमारत (पूर्वरचित)
कारखान्यात भाग तयार करून जागेवर बोल्टने जोडलेली इमारत. अमेरिकेत हा प्रकार दुसऱ्या महायुद्धात सर्वत्र पसरला. १९४१ मध्ये ऱ्होड आयलंडमधील क्वॉन्सेट पॉइंट येथे नौदलासाठी पन्हळी पत्र्याच्या अर्धदंडगोलाकार झोपड्या घडवल्या गेल्या; त्यांचे एक प्रचलित माप २० × ४८ फूट होते. १९५६ मध्ये धातू-इमारत उत्पादकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

आकार ठरवताना रुंदी, लांबी आणि वळचणीची उंची ही तीन मापे मूळ धरतात. लांबी खांब-तुळईच्या चौकटींमधल्या अंतराने मोजतात, जशी आपल्याकडे जुन्या घराची मोजणी खणांनी होई. हे अंतर बहुधा २० ते ३० फूट असते. मध्ये खांब नको असेल, तर चौकट जड होते आणि खर्च वाढतो. म्हणून आत काय ठेवायचे, दारातून कोणते वाहन शिरणार, हे आधी ठरवणे फार महत्त्वाचे. मिनेसोटात बर्फाचा भार, फ्लोरिडात चक्रीवादळ, कॅलिफोर्नियात भूकंप निर्णायक ठरतो. एकच आराखडा सगळीकडे चालत नाही. खांब व तुळई यांच्या सांध्यापाशी वाकवणारा जोर सर्वाधिक, म्हणून चौकट तिथे रुंद आणि इतरत्र निमुळती ठेवतात. पोलाद वाचवण्याची ही सुंदर युक्ती आहे.