ग्रेट पूल शूटआउट
ग्रेट पूल शूटआउट हा फेब्रुवारी १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात झालेला पूल या खेळाचा सामना होय. एबीसी वाहिनीच्या 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' कार्यक्रमात तो दाखवण्यात आला.

खेळाडूंची प्रतिमा
विली मॉस्कोनी हे अनेकवार विश्वविजेते होते. पैजेबाज खेळाडूंमुळे पूलची बदनामी होते, असे त्यांचे मत होते. याउलट रुडॉल्फ वॉन्डरोन यांनी 'द हसलर' (१९६१) या चित्रपटातील पात्राचे 'मिनेसोटा फॅट्स' हे नाव धारण केले आणि बोलघेवडा पैजेबाज हीच स्वतःची ओळख केली.

परिणाम
सामना मॉस्कोनी यांनी जिंकला. प्रेक्षकांचे मनोरंजन मात्र फॅट्स यांच्या बडबडीने केले. पूलला शिष्टसंमत खेळ म्हणून मान मिळावा, ही मॉस्कोनी यांची इच्छा होती. दूरचित्रवाणीने पैजेबाजाची प्रतिमाच घरोघरी पोहोचवली.